'यीस्ट वाढलंय' म्हणजे शरीरात नक्की काय होतं?

रानजाई

आईचं (वय ७१) तोंड आलंय असं समजून आम्ही दोन आठवडे काढले. जिभेवर पांढरा थर, साधं पाणीही झोंबायचं. काल डॉक्टरांनी टॉर्च मारला, लाकडी पट्टीने थर खरवडला, तर खाली लालभडक. कवळी काढायला लावली तेव्हा टाळूवर कवळीच्याच आकाराचा लाल ठसा दिसला. "यीस्ट वाढलंय, हे थेंब टाका," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सगळं मिळून दीड मिनिट.

घरी येऊन मी आईची भांडी उकळली, टॉवेल वेगळा केला, बाथरूम घासलं. कुठून आली ही बुरशी? मी कुठे कमी पडले? त्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं, थुंकीतून खाली धागे लोंबले तर अंगभर यीस्ट झालंय असं समजायचं. आईच्या ग्लासात धागे लोंबले. माझ्याही. हौसेने थुंकून बघणाऱ्या माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या ग्लासात तर सगळ्यात जास्त.

इतर माहिती: महिन्यापूर्वी छातीत कफ झाला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दम्याचा पंप रोज दोनदा. वरची पूर्ण कवळी, ती चोवीस तास तोंडातच असते. शुगर गेल्या दोन वर्षांत तपासलेली नाही.

औषध सुरू केलंय, उपाय विचारत नाहीये. हे होतं कसं, ते कुणी नीट सांगेल का?

---

परीक्षानळी

रानजाई, आधी तो टॉवेल परत जागेवर ठेवा. हे बाहेरून आलेलं नाही.

मी सूक्ष्मजीवांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, डॉक्टर नाही. पण हा प्राणी (प्राणी नव्हे, बुरशी, पण इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर तसंच तोंडात येतं) मी रोज पाहिलाय. याचं नाव कँडिडा अल्बिकन्स. कँडिडा म्हणजे लॅटिनमध्ये शुभ्र, अल्बिकन्स म्हणजे पांढरं होत जाणारं. पांढऱ्याला पांढरा असं नाव ठेवलंय, शास्त्रज्ञही कधीकधी आळस करतात. धडधाकट माणसांतल्या जवळपास निम्म्यांच्या तोंडात हा असतो. आतड्यात असतो, योनिमार्गात असतो, कुणाच्या घड्यांतल्या ओलसर त्वचेवर असतो. आयुष्यभर पोटभाडेकरूसारखा राहतो आणि पत्ताही लागू देत नाही. म्हणून 'कुठून आला' यापेक्षा 'इतके दिवस गप्प होता तो आता का उठला' हा प्रश्न विचारायला हवा.

लॅबमधली एक गोष्ट सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. कल्चरवर (नमुन्यातले सूक्ष्मजीव वाढवून बघतात ते) वाढलेलं यीस्ट अल्बिकन्सच आहे का, हे बघायची एक जुनी, स्वस्तातली चाचणी आहे, जर्म ट्यूब टेस्ट. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. त्यातलं अर्धा मिलिलिटर घ्यायचं, त्यात टाचणीच्या टोकाएवढी बुरशी कालवायची आणि ३७ अंशांवर ठेवून द्यायची. ठेवताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नुसते लांबट गोल दाणे दिसतात, एखाद्याला बाजूने कोंब आलेला. दोन-अडीच तासांनी थेंब काचपट्टीवर घेऊन पाहावं तर पुष्कळ दाण्यांना सरळ शेपटी फुटलेली असते. मुळाशी कुठे चिमटा बसलेला नाही, थेट पेशीतूनच निघालेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंगावरून डोळा काढून बाजूला झाले होते. मघाशी निवांत पडलेली पेशी सीरम आणि अंगाची ऊब मिळताच मोड काढते!

शरीरातही तेच घडतं. दाण्याच्या रूपात असतो तोवर कँडिडा अस्तरावर बसून राहतो. तंतू फुटले की ते अस्तराला घट्ट चिकटतात, पेशींच्या आत आणि दोन पेशींच्या फटीत घुसतात. या तंतूंमधून एक विष सुटतं, कँडिडालायसिन. ते २०१६ साली उजेडात आलं. ३१ अमिनो आम्लांची एवढीशी साखळी, पण पेशीच्या आवरणाला भोकं पाडते. आईंच्या जिभेवरचा पांढरा थर म्हणजे बुरशीचे दाणे, तंतू, मेलेल्या पेशी आणि बॅक्टेरिया यांचा चिखल. खरवडल्यावर खाली लाल दिसलं ती दुखावलेली जागा.

तर 'वाढणं' म्हणजे नुसती संख्या वाढणं नव्हे. संख्या वाढते आणि रूपही पालटतं.

---

आळशी मुंगी

वाचनखूण साठवली. सावकाश वाचणार.

---

शंकासुर

माहितीबद्दल आभार, पण शंका आहेच. निम्म्या लोकांच्या तोंडात हा बसलेला आहे. अँटिबायोटिक तर सगळेच घेतात. मग सगळ्यांची जीभ पांढरी का होत नाही? आणि अँटिबायोटिकने बुरशी मरायला हवी, वाढते कशी?

---

परीक्षानळी

शंकासुर, नावाला जागलात.

दुसरी शंका आधी. अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या पेशीतल्या खास यंत्रणेवर नेम धरतं, उदाहरणार्थ त्याची भिंत बांधायची पद्धत. बुरशीची पेशी बॅक्टेरियापेक्षा आपल्या पेशीला जवळची. तिला केंद्रक असतं, भिंतीचा मालमसाला वेगळा असतो. त्यामुळे औषधाची गोळी तिच्या डोक्यावरून जाते आणि शेजारचे बॅक्टेरिया पटापट मरतात. हे शेजारी एरवी तिचं अन्न खात असतात, बसायच्या जागा अडवून असतात, तिला न मानवणारी आम्लं सोडत असतात. ते गेले की ओसाड गावी एरंड बळी. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसतं. प्रौढ उंदराच्या आतड्यात अल्बिकन्स सहसा टिकतच नाही. टिकवायचा असेल तर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

आता पहिली शंका. पहारेकरी एकटे बॅक्टेरिया नाहीत. तोंडाचं बघा. लाळ सतत धुऊन नेत असते, शिवाय तिच्यात हिस्टॅटिन नावाची प्रथिनं असतात, ती कँडिडाला मारतात. अस्तराच्या वरच्या पेशी झडत राहतात आणि झडताना चिकटलेलं यीस्ट घेऊन जातात. त्यामागे रोगप्रतिकार पेशी, त्यातही १७ नंबरचं इंटरल्युकिन (पेशींनी एकमेकींना धाडायचा निरोप) सोडणाऱ्या टी-पेशी. एक पहारेकरी झोपला तर बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम गेले की भाडेकरू घरमालक होतो.

आईंच्या बाबतीत मोजा. अँटिबायोटिक झालं, पंप आहे, कवळी आहे. वयाने आणि काही औषधांनी तोंड कोरडं पडत असेल तर चौथं.

---

गोळीवाला

औषधाच्या दुकानात उभा राहून तीस वर्षं झाली, तेव्हा पंप आणि कवळी माझ्याकडे.

पंप: सगळ्या पंपांत स्टिरॉइड नसतं. धाप लागली की घ्यायचा तो वेगळा. रोज दोनदा असेल तर बहुधा स्टिरॉइडवाला. फवाऱ्यातलं सगळं औषध फुप्फुसात जात नाही, बराच भाग जीभ, टाळू आणि घशाच्या मागच्या भिंतीवर बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती दाबतो. वर्षानुवर्षं, दिवसातून दोनदा. लोक इथे घाबरून पंपच बंद करतात. कृपा करून करू नका, दमा उसळला तर जिभेवरचा थर परवडला म्हणाल. पंपाला स्पेसर, म्हणजे तोंडाशी जोडायचं नळकांडं लावा, म्हणजे जड थेंब त्यातच बसतात. फवारा घेतला की खळखळून चूळ भरून थुंकायची. दात घासायच्या आधी पंप ठेवला की चूळ विसरत नाही.

कवळी: नजरेला गुळगुळीत दिसते, पण ॲक्रिलिकला बारीक छिद्रं असतात. बुरशी तिथे चिकट थर करून बसते, त्याला बायोफिल्म म्हणतात. कवळीच्या खाली लाळ पोचत नाही, हवा नाही, ऊब आहे, वरून घासणं चालूच. म्हणून तुम्हाला टाळूवर हुबेहूब कवळीचा छाप दिसला. तोंडात कितीही थेंब टाका, कवळी तशीच असेल तर ती बुरशी परत पेरत राहते. रात्री काढायची, ब्रशने घासायची, दंतवैद्य सांगतील त्या द्रावात बुडवून ठेवायची. थेंब टाकतानाही कवळी बाहेर.

थेंब बहुधा निस्टॅटिनचे असतील. लगेच गिळून टाकू नका, तोंडात जितका वेळ घोळवता येईल तितका घोळवा. हे औषध आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही, जिथे लागेल तिथेच काम करतं. आणखी एक, हे कुणी सांगत नाही: क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश वापरत असाल तर तो आणि निस्टॅटिन लागोपाठ नको. दोघं एकमेकांना बांधून टाकतात आणि दोन्ही निकामी होतात. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

आई रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेत असतील तर मायकोनाझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधाची तोंडात लावायची जेल कुणाच्याही सांगण्यावरून लावू नका. नुसत्या जेलनेही रक्तस्राव होण्याइतका परिणाम वाढतो. फ्लुकोनाझोलच्या गोळीचंही तेच.

अवांतर: निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन बायकांनी शोधलं. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या, म्हणून 'न्यूयॉर्क स्टेट'वरून निस्टॅटिन. एक वेगळ्या शहरात, दुसरी वेगळ्या, नमुने टपालाने जायचे यायचे.

---

चष्मिस

पुरुष आहे आणि नाव नाही म्हणून लिहितोय. मधुमेहाची गोळी बदलली आणि महिन्याभरात 'तिथे' खाज, लाली, पांढरट पापुद्रे. मला वाटलं कुठून तरी लागण झाली. बायकोकडे बघायची सोय राहिली नाही. दीड महिना लपवलं. शेवटी डॉक्टरांनी गोळीचं नाव बघितलं आणि हसले. डॅपाग्लिफ्लोझिन.

ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, रोज साठ-सत्तर ग्रॅम. म्हणजे मी दिवसातून सहा वेळा त्या बुरशीला सरबत पाजत होतो. गोळी बंद करावी लागली नाही. मलम, लघवीनंतर पाण्याने धुणं आणि कोरडं करणं एवढ्यावर भागलं.

रानजाई, आईची शुगर बघाच.

---

परीक्षानळी

चष्मिस, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. साखर वाढलेली असली की बुरशीचा दुहेरी फायदा होतो. तिला खायला मिळतं, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साखरेच्या पाकात सुस्तावतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या यीस्टमागे न ओळखलेला मधुमेह निघाला, असं आमच्या रिपोर्टांवर कितीदा दिसलंय.

---

मनमोकळी

मला सगळे हसतील, पण मी अनुभवाने सांगते. सतत थकवा, पोट फुगणं, डोकं जड, काही सुचत नाही असं वर्षभर होतं. एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की आतड्यातलं यीस्ट अंगभर पसरलंय. साखर आणि आंबवलेलं सगळं बंद केलं, सहा आठवड्यांत फरक पडला. सुरुवातीचे दहा दिवस डोकं भयंकर दुखलं, त्या म्हणाल्या यीस्ट मरतंय म्हणून. डॉक्टर लोकांना हे मान्य नसतं, पण माझं शरीर खोटं बोलतं का?

---

शंकासुर

शरीर खोटं बोलत नाही हो, पण त्याचा दुभाषा बोलतो.

---

मनमोकळी

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

परीक्षानळी

शंकासुर, टोमणा नको. मनमोकळी, तुमचा थकवा खरा होता आणि बरं वाटलं तेही खरं, त्यावर वाद नाही. कारण कोणतं, एवढाच प्रश्न आहे.

ही कल्पना १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत पसरली. आतड्यातल्या कँडिडाने सगळं शरीर नाराज होतं, त्यातून थकवा, उदासी, डोकेदुखी. मग कुणीतरी तपासून पाहिलं. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो अभ्यास छापून आला. हाच त्रास सांगणाऱ्या ४२ स्त्रिया, आळीपाळीने निस्टॅटिन आणि तसंच दिसणारं खोटं औषध, कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने खरोखर कमी झाल्या. पण थकवा-उदासीच्या बाबतीत खऱ्या आणि खोट्या औषधात फरक दिसला नाही. दोन्हींवर बायकांना बरं मात्र वाटलं. मला या अभ्यासातला तो भाग सगळ्यात बोलका वाटतो.

साखर आणि पाकिटातलं अरबट-चरबट एकदम बंद केलं तर पोट हलकं होणारच, झोप सुधारणारच. त्याचं श्रेय बुरशीच्या मरणाला द्यायची गरज नाही. निरोगी माणसाने साखर खाल्ली तरी ती लहान आतड्यातच शोषली जाते, खाली बुरशीच्या पंगतीपर्यंत फारशी पोचत नाही. रक्तातली साखर कायम चढलेली असणं वेगळं. आणि सवयीची साखर किंवा चहा-कॉफी एकदम सोडली तर यीस्ट नसलेल्या माणसाचंही डोकं दुखतं.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. वर्षभर थकवा होता तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ बघितलं होतं का? 'यीस्ट' हे उत्तर मिळालं की शोध थांबतो.

थुंकीच्या ग्लासाबद्दल: लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं, पाण्यात त्याचे धागे लोंबतातच. रानजाईंच्या लेकाने तो प्रयोग उत्तम करून दाखवलाय. तसंच शौचाच्या तपासणीत कँडिडा सापडला म्हणून घाबरू नका. निरोगी माणसाच्याही सापडतो.

---

मनमोकळी

थायरॉईड नव्हता बघितला. बघते.

---

शंकासुर

मनमोकळी ताई, माफ करा, जीभ सैल सुटली.

भरपाई म्हणून एक अजब गोष्ट: आतड्यातल्या यीस्टने खरोखर अंगभर गोंधळ घातल्याची उदाहरणं आहेत, पण वेगळ्या प्रकारची. क्वचित कुणाच्या आतड्यात यीस्ट पिष्टमय पदार्थांपासून दारू गाळतं आणि माणूस न पिता झिंगतो. २०२४ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुज शहरात दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला एका माणसावर होता. त्याला हाच विकार असल्याचं सिद्ध झालं आणि तो सुटला. पण तिथे तीन डॉक्टरांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलं होतं. ग्लासात थुंकून नव्हे.

---

आळशी मुंगी

सगळं वाचून झालं. आता बायकांच्या बाजूने लिहिते, कारण धाग्यावर सगळे तोंडाचंच बोलतायत.

चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गात यीस्टचा त्रास होतो. आणि त्याचा स्वच्छतेशी संबंध जोडून बाई स्वतःलाच घाणेरडी समजत राहते. उलट सुगंधी साबण, आतून पाण्याचे फवारे असल्या जादा स्वच्छतेनेच नाजूक जागा चिडते. इथला मोठा पहारेकरी, किंवा फितूर म्हणा, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन. त्याच्यामुळे अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतं, ते यीस्टला मानवतं. म्हणून वयात येण्याआधी आणि पाळी कायमची गेल्यावर हा त्रास कमी, गरोदरपणात जास्त. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींना खाज सुटते ती यामुळेच.

आता माझी गोष्ट. खाज आणि अंगावरून पांढरं जाणं. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले, यीस्टवरचं क्लोट्रिमाझोल मिळालं, बरं वाटलं. पुढच्या वेळी दुकानातून तेच आणलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दर वेळी थोडं बरं, मग परत. पाचव्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. स्राव एका कागदी पट्टीला लावला, पट्टीचा रंग बदलला. म्हणाल्या, "आम्लता कमी झाली आहे, हे यीस्ट वाटत नाही." मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, निघाला बॅक्टेरियाचा बिघाड. म्हणजे मी इतके महिने साप साप म्हणून भुई धोपटत होते. साप निराळ्याच बिळात.

मला तेव्हा कळलं की यीस्टमध्ये योनिमार्गाची आम्लता सहसा नेहमीसारखीच राहते, पी-एच साडेचारच्या खाली. तो बदलला असेल तर दुसरं काही शोधायचं. मी समजत होते की आम्ल कमी झालं म्हणून यीस्ट वाढतं.

---

परीक्षानळी

मुंगी, हा मुद्दा लाखमोलाचा. भलेभले इथे चुकतात. दुकानातून स्वतः औषध नेणाऱ्या बायका तपासून पाहिल्या तर त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश बायकांना निव्वळ यीस्ट निघालं होतं.

इथली आणखी एक मजा म्हणजे तोंडातले नियम इथे चालत नाहीत. योनिमार्गात खाज-आग होते ती पुष्कळशी आपल्याच न्यूट्रोफिलमुळे. कँडिडालायसिनने इशारा दिला की त्या पेशी धावून येतात, दंगा करतात, पण यीस्ट मात्र संपवत नाहीत. पोलीस आले, दुकानं फोडली, चोर तसाच. म्हणून दोन बायकांमध्ये यीस्ट सारखंच असून एकीला काहीच जाणवत नाही आणि दुसरी हैराण.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा होत असेल तर कल्चर करून घ्याच. सगळे यीस्ट अल्बिकन्स नसतात. कँडिडाच्या क्रुझेई जातीवर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, ग्लॅब्राटावर पुष्कळदा कमी पडतं. गरोदर बाईने ती गोळी स्वतःहून घेऊ नये हे वेगळं सांगायला नको.

---

पाऊलखुणा

माझ्या सहा आठवड्यांच्या बाळाच्या जिभेवर पांढरं आहे. हेच का? आणि अंगावरची शिबं, नायटा हेही यीस्टच ना?

---

गोळीवाला

बाळ: ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसा. पुसलं गेलं तर दूध. गेलं नाही, गालाच्या आतही ठिपके असतील, तर डॉक्टरांना दाखवा. बाळाचे पहारेकरी अजून कामावर रुजू व्हायचे असतात, म्हणून त्यांना हे सहज होतं. तुमच्या स्तनाग्रांना भेगा किंवा जळजळ असेल तर तेही सांगा.

शिबं: हो, यीस्ट, पण कँडिडा नव्हे. मॅलेसेझिया. त्वचेवरचं तेल खाऊन जगतं, कोंड्यामागेही त्याचाच हात.

नायटा: नाही. ती वेगळ्या जातीची बुरशी, त्वचा-केस-नखांतलं केराटिन खाणारी, यीस्टच नव्हे. आणि स्टिरॉइड मिसळलेली मलमं त्यावर फासू नका. दोन दिवस खाज थांबते आणि आत नायटा फोफावतो. दुकानात रोज भांडतो यावरून.

---

रात्रपाळी

आयसीयूत नर्स आहे. धागा वाचून कुणाला वाटू नये की यीस्ट म्हणजे खाज आणि पांढरी जीभ एवढंच. 'अंगभर पसरलेलं यीस्ट' आम्ही बघतो. ते थकव्याने ऑफिसला जाणाऱ्या माणसात नसतं, व्हेंटिलेटरवरच्या माणसात असतं.

रस्ता साधारण असा. पोटाचं मोठं ऑपरेशन, आतड्याचा टाका उसवला. दोन-तीन जबर अँटिबायोटिक. मानेच्या मोठ्या शिरेत नळी, तिच्यातूनच अन्न. आतड्यातलं यीस्ट मोकळं रान मिळून वाढतं, उसवलेल्या जागेतून रक्तात उतरतं, किंवा त्वचेवरचं नळीच्या आतल्या बाजूला बायोफिल्म धरतं. मग ताप येतो, तो अँटिबायोटिकला दाद देत नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट दिसलं तर 'चुकून आलं असेल' असं कधीच म्हणत नाहीत. त्याच दिवशी औषध सुरू, जमेल तितक्या लवकर नळी काढायची, डोळे तपासायचे, कारण ते पडद्यावर जाऊन बसतं. इतकं करूनही पुष्कळ जण वाचत नाहीत.

मला शिकताना चक्रावून टाकलेली गोष्ट अशी. एचआयव्ही बळावलेल्या पेशंटच्या तोंडात, अन्ननलिकेत यीस्ट खच्चून भरलेलं असतं, पण रक्तात सहसा उतरत नाही. केमोथेरपीने न्यूट्रोफिल संपलेल्यांचं मात्र रक्तात उतरतं. कारण अस्तराचा पहारा टी-पेशींचा आणि रक्ताचा न्यूट्रोफिलचा. दोन वेगळ्या चौक्या. ५ जून १९८१ ला अमेरिकेत छापलेल्या ज्या टिपणातून एड्सची पहिली चाहूल लागली, त्यातल्या पाचही तरुणांना कँडिडाचा संसर्ग होता. धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या तोंडात काही कारण नसताना हा थर दिसला, तर म्हणूनच थेंब देऊन सोडून द्यायचं नसतं.

आणि एक अपवाद. कँडिडा ऑरिस हा घरचा भाडेकरू नव्हे. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडला, आता जगभर हॉस्पिटलांत आहे. हा माणसाकडून माणसाकडे, पलंगाच्या कठड्यावरून, मशीनवरून पसरतो आणि बरीच औषधं पचवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी केली, त्यात वरच्या गटात अल्बिकन्स आणि हा, दोघंही आहेत. रानजाईंनी टॉवेल वेगळा केला तो घरी वाया गेला, आमच्याकडे कामी आला असता.

---

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. प्रोबायोटिक? अँटिबायोटिकबरोबर हल्ली सगळेच लिहून देतात.

---

परीक्षानळी

ऐकायला अगदी पटतं, शेजारी मेले तर नवे आणून बसवा. पण २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांवर रीतसर चाचणी झाली. लॅक्टोबॅसिलस तोंडाने दिले, योनिमार्गातून दिले, यीस्टचा त्रास टळला नाही. पाहुणे बसवले म्हणून गावकरी होत नाहीत.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय.

शुगर बघितली, ठीक आहे. हिमोग्लोबिन आणि लोह कमी निघालं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या. ओठांच्या कोपऱ्यांना भेगा होत्या, त्यात त्याचाही वाटा असू शकतो म्हणाले. पंपाला स्पेसर आणला. माउथवॉश खरंच क्लोरहेक्सिडीनचाच निघाला, गोळीवाले काका, आणि थेंबांच्या आधी पाच मिनिटं मीच तिला तो द्यायचे!

जीभ आता गुलाबी आहे. टाळूचा ठसा पुसट झालाय.

सगळ्यात अवघड गेलं ते कवळी रात्री काढणं. आई ऐकेचना. तीन दिवस वाद घातला, बायोफिल्म समजावून सांगितली, तर म्हणाली, "मला कळतंय गं सगळं." मग चौथ्या दिवशी स्वतःच बोलली. बाबा जाईपर्यंत तिने त्यांनाही कधी दात काढलेलं तोंड दाखवलं नव्हतं, आता नातवासमोर कसं दाखवू?

आता ती आधी खोलीतला दिवा मालवते. मग अंधारात वाटीत कवळी ठेवल्याचा टक् असा आवाज येतो.